जिममधला आवाज आणि जिमची रीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूरला पहिल्या मजल्यावर आमची जिम आहे. खाली किराणा दुकान, मागच्या अंगाला मालकांचं राहतं घर, आणि समोर हात लांब केला तर लागेल अशी दुसऱ्याची खिडकी. पहाटेची आणि संध्याकाळची बॅच मी सांभाळतो. खालचे प्रश्न आमच्याच पोरांचे आहेत, शिवाय निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या जिममध्ये जाणाऱ्यांचेही. बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि बरेचसे रात्री अकरानंतर येतात, म्हणजे त्या दिवशी विचारणाऱ्याचं कुणाशी तरी वाजलेलं असतं. नावं काढून टाकली आहेत, प्रश्न जवळपास आले तसे ठेवलेत.

१. वजन उचलताना तोंडातून आवाज निघतो. हे चुकीचं आहे का?

नाही. निघालेला आवाज वेगळा आणि काढलेला आवाज वेगळा, एवढं ओळखलं की झालं. सेटच्या शेवटच्या दोन रेपला (रेप म्हणजे वजन एकदा वर-खाली करणं, अशा सलग रेपचा एक सेट), दात आवळलेले असताना, श्वासाबरोबर "हंफ्" असं काहीतरी बाहेर पडतं. ते कुणी अडवू नये आणि कुणी त्यावर हसूही नये. पण साडेसात किलोचं डंबेल हातात घेऊन पहिल्याच रेपला डरकाळी फुटत असेल, तर ती डंबेलसाठी नसते, आरशासाठी असते. शंका आली तर स्वतःला विचारा : जिममध्ये दुसरं कुणीच नसतं तर मी एवढाच आवाज केला असता का?

एकाने मला लिहिलं होतं, "सर, आम्ही जोर लावूलालोय, ओरडूलालो नाही." खरं असेल. पण त्याच्या जोराचा आवाज खालच्या दुकानात साखर तोलणाऱ्या माणसापर्यंत पोचत होता.

२. ओरडल्याने खरंच जास्त वजन उचललं जातं का? की सगळं मनाचं?

काही प्रमाणात खरंच उचललं जातं. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस या दोन संशोधकांनी हाताची ताकद मोजताना लोकांना ओरडायला लावलं होतं, तेव्हा जोर सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढे कॉलेजच्या टेनिस खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात हुंकार देऊन मारलेल्या सर्व्हिसचा वेग पाचेक टक्क्यांनी जास्त निघाला. टेनिसमध्ये तर हे भांडणापर्यंत गेलं. मोनिका सेलेसच्या हुंकाराबद्दल १९९२च्या विम्बल्डनला इतक्या तक्रारी झाल्या, की अंतिम सामन्यात तिने तोंड मिटून खेळायचं ठरवलं. स्टेफी ग्राफने तिला ६-२, ६-१ असं हरवलं. ग्राफ गवतावर कशी खेळायची हे ज्यांनी पाहिलंय ते सगळा दोष त्या शांततेला देणार नाहीत, पण सेलेसला मात्र त्या दिवशीच्या गप्प राहण्याची चुटपुट लागून राहिली.

हे वाचून कुणी उद्यापासून गर्जना सुरू करू नये. असा फायदा दिसतो तो सगळा जीव लावून केलेल्या एकाच प्रयत्नात. आपण जिममध्ये रोज करतो ते बारा-बारा रेपचे चार सेट. त्यात बाराच्या बारा रेपला ओरडलात तर ताकद वाढत नाही, घसा बसतो.

३. श्वास रोखायचा की सोडायचा? आवाजाशी त्याचा काय संबंध?

आवाज जन्मतो तो इथेच. जड वजनाखाली आपण छाती भरून श्वास घेतो, घसा बंद करतो आणि पोट आवळतो. पोटातला दाब वाढून कण्याला आतून टेकू मिळतो. वर येताना बंद घशातून थोडी हवा निसटते, तोच हुंकार. त्यामुळे नवीन मुलांना मी "आवाज करू नको" असं सांगत नाही. "वर येताना फुंकर मार" असं सांगतो. फुंकर मारली की निम्मा आवाज आपोआप जातो.

श्वास रोखून धरण्यात एक धोका आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच अनुभवी बॉडीबिल्डरांचा रक्तदाब व्यायाम चालू असताना थेट धमनीतून मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना, म्हणजे लेग प्रेस मारताना, तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. धडधाकट माणसाचा दाब सेट संपला की लगेच उतरतो. पण बीपीची गोळी चालू असेल, हर्निया असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर श्वास रोखून जड वजन मारू नका. आधी डॉक्टरांना विचारा. फॉर्म भरताना हे लपवणारे बरेच भेटतात. पन्नाशीपुढचे जास्त.

४. डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं) झाल्यावर रॉड वरूनच सोडला तर काय बिघडतं? व्हिडिओत तर सगळे सोडतात.

व्हिडिओत जे सोडतात ते बहुतेक वेटलिफ्टर असतात. त्यांच्या प्लेटी रबराच्या असतात, सगळ्या मोठ्या प्लेटींचा व्यास ४५ सेंटीमीटर, लाल २५ किलोची, निळी २० ची, पिवळी १५ ची, हिरवी १० ची. खाली खास बनवलेला लाकडी-रबरी प्लॅटफॉर्म असतो. डोक्यावरचं दीडशे किलो सावकाश खाली आणणं अंगावर बेतेल म्हणून त्यांना सोडायची मुभा असते. तरी त्यांनाही नियम आहे : पंचांनी खूण केल्यावर रॉड पुढून खाली आणायचा आणि तो खांद्याच्या खाली गेल्यावरच हात सोडायचा. डेडलिफ्ट तर पॉवरलिफ्टिंगमधला प्रकार, आणि तिथला नियम उलटा आहे. दोन्ही हातांनी धरून, ताब्यात ठेवून रॉड खाली टेकवायचा. मध्येच हात सोडलात तर लिफ्ट बाद. म्हणजे ज्या खेळातून डेडलिफ्ट घेतली, त्याच खेळात रॉड सोडणं चूक आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्या बहुतेक जिममध्ये प्लेटी बिडाच्या. बीड पोलादासारखं वाकत नाही, तडकतं. रॉड स्वस्तातला असेल तर दोन-चार महिन्यांत मधोमध वाकतो आणि बेंचवर ठेवला की आपोआप गोल फिरतो. डंबेल फेकत राहिलं तर गोळा ढिला होतो. मग तो कधीतरी कुणाच्या तरी तोंडावर असताना निखळणार. फरशी फुटते ते वेगळंच.

रबर मॅट घातली की सगळं भागलं असं बरेच मालक समजतात. मॅटने फरशी वाचते आणि वरचा खणखणाट कमी होतो. पण शंभर किलोचा धक्का मॅटखालून स्लॅबमध्ये जातो, स्लॅबमधून भिंतीत जातो, आणि खालच्या घरी मांडणीवरच्या ताटल्या वाजतात. तोंडाचा आवाज हवेतून जातो, खिडकी लावली की बराचसा थांबतो. धक्क्याला खिडकी लागत नाही. म्हणून शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हुंकाराची नसते, आपटण्याची असते.

आणि व्यायामाच्या दृष्टीनेही सोडण्यात तोटाच. वजन खाली आणतानाही स्नायू काम करतो. वर नेऊन सोडून देणारा अर्धाच सेट मारतो आणि पैसे मात्र पूर्ण महिन्याचे भरतो.

५. आमची पहाटे पाचची बॅच आहे. खालचे लोक म्हणतात, पोलिसांत जाऊ. ते जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम सगळ्या देशाला लागू आहेत, कर्नाटकालाही. त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. बाकीची रात्र. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. तुमची पाचची बॅच तुमच्यासाठी पहाट असेल, नियमासाठी ती रात्रच आहे. दवाखाना किंवा शाळा जवळ असून तो भाग शांतता क्षेत्र असेल तर मर्यादा आणखी खाली, दिवसा ५० आणि रात्री ४०.

पण प्रकरण तिथवर जायलाच नको. आमच्याकडे सहापर्यंत गाणी बंद, रॉड जमिनीला लागेल असा कुठलाही व्यायाम बंद, फक्त मशीन, जोर-बैठका आणि हलकी डंबेल. पोलीसभरतीची आणि लष्कराच्या भरतीची पोरं असतात, ती त्या वेळेत बाहेर पळून येतात. खालच्या घरातल्या आजींना जाऊन एकदा सांगितलं, "कधी जास्त झालं तर दांड्याने छताला ठोका." त्यांनी आतापर्यंत दोनदाच ठोकलंय. दोन्ही वेळा चूक आमचीच होती.

६. तालमीत शड्डू ठोकतात, मैदानात हलगी वाजते. मग जिममध्येच एवढी सोवळेगिरी कशाला?

हा प्रश्न कुस्ती खेळलेल्या घरातून येतो आणि मला तो आवडतो. पण तालमीत कधी पहाटे जाऊन बसलात तर कळेल, की मेहनतीच्या वेळी तालीम जिमपेक्षा शांत असते. चपला बाहेर काढायच्या, मारुतीला नमस्कार करायचा, हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा. मग जोर, सपाट्या, बैठका, जोडी फिरवणं. श्वासाचा आवाज, मातीवर अंग पडल्याचा आवाज आणि मध्येच वस्तादांचा एखादा शब्द. पाचशे बैठका मारणारा पैलवान दर बैठकीला ओरडत बसला तर वस्ताद त्याला बाहेर काढतील.

शड्डू हा वेगळा प्रकार. तो समोरच्याला दिलेलं आव्हान आहे, त्याला जागा आणि वेळ असते. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा कोल्हापूरच्या खासबागेत जोड लागली, हलगी कडाडली, की शड्डू ठोकायचा. तिथे लोक तोच ऐकायला आलेले असतात. बेंच प्रेसला (आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) बसताना मांडी थोपटणाऱ्याने आव्हान कुणाला दिलं? रॉडला?

दुसरी गोष्ट, तालमीचा हौदा जमिनीलगत असतो आणि त्यात तेल-ताक-हळद घातलेली मऊ माती असते. ती धक्का पोटात घेते. आमच्या खाली माती नाही, किराणा दुकान आहे.

७. मशीनवर कुणी आधीच आहे. मला मध्ये सेट मारायचाय. कसं विचारायचं? समोरचा कन्नड बोलणारा असेल तर?

सेट चालू असताना विचारू नका. त्याने वजन ठेवलं, श्वास घेतला, मग समोर या (मागून नको) आणि विचारा : "अण्णा, मध्ये एक सेट मारू का?" अण्णा हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, म्हणून आपल्या भागात तोच सोयीचा. कन्नडमध्ये "अण्णा, नडुवे ओंद सेट माडलेन री?" म्हटलं की झालं. किती सेट उरलेत हे विचारायचं तर "एष्ट सेट उळदाव री?" शेवटचा "री" विसरू नका, मराठीत "ओ" न लावता मोठ्या माणसाला हाक मारल्यावर जसं वाटतं, तसंच त्यांना वाटतं. वजन हळू ठेवा हे सांगायला "सावकाश इडरी". त्यातला "सावकाश" तर आपलाच.

मोडकंतोडकं बोललात तरी चालतं. कुणी हसलं तर ते बहुतेक कौतुकाने हसतात. विचारलेला माणूस सेट देणार नाही असं क्वचित होतं. मात्र एकाने मशीनवर टॉवेल टाकून बाहेर चहाला जाण्याचा प्रकार आपल्याकडे आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकण्याची ती सवय. जिममध्ये टॉवेलने जागा धरली जात नाही.

८. प्लेटी जागेवर कुणी ठेवायच्या?

ज्याने लावल्या त्याने. जिममधला पोरगा हमाल नाही. आणि ठेवतानाही प्लेटीवर प्लेट आपटू नका. हा आवाज दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा होतो आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

९. माझा पार्टनर "मार, मार, अजून दोन!" असं जोरात ओरडतो. मला जोर येतो, बाकीचे बघतात. काय करू?

जोर येत असेल तर त्याला बंद करू नका, जवळ बोलवा. तो तुमच्या डोक्याशी उभा आहे, तुम्हाला ऐकू जाण्यापुरतं बोलला तरी चालेल. "अजून दोन" ठीक. पण काही जण शिव्यांनी जोर आणतात. आपल्याकडे मित्रामित्रांत शिवी प्रेमाची असते हे मान्य, पण शेजारी बसलेल्या काकांना आणि पलीकडे ट्रेडमिलवरच्या ताईंना ते प्रेम कळत नाही.

स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात तयारी करणाऱ्यांना आम्ही थोडी सूट देतो. बेळगावात बॉडीबिल्डिंगचं वेड जुनं आहे, त्या दिवसांत जिममध्ये वातावरणच वेगळं असतं. सूट मुलगा बघून देतो, आवाज बघून नाही.

१०. लेडीज बॅच वेगळी नाही, दोघांची एकत्रच आहे. पुरुषांच्या आवाजाने अवघडायला होतं. सांगायचं कुणाला?

काउंटरवर. तुम्ही स्वतः त्याच्याशी बोलायला जायचं बंधन नाही. खानापूरहून एका ताईंनी लिहिलं होतं, की त्या आल्या की दोघातिघांचा आवाज वाढतो आणि गेल्या की थांबतो. तो काढलेला आवाज झाला (प्रश्न १), आणि त्याला जिमच्या रीतीत नव्हे, सरळ वागणुकीच्या नियमात धरायला हवं. जिमवाल्याने त्यांना बाजूला घेऊन एकदा बजावायचं, दुसऱ्यांदा फी परत करायची.

उलट प्रश्नही येतो : बाई जड वजन मारते, तिचाही हुंकार निघतो, मग आजूबाजूचे चमकून बघतात. बघणाऱ्यांनी आपला सेट मोजावा.

११. वयाने मोठ्या माणसाला आवाजाबद्दल कसं टोकायचं?

चारचौघांत अजिबात नाही. आमच्या भागात लष्करातून निवृत्त झालेले बरेच आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथलं. पंचवीस वर्षं परेडला आवाज दिलेल्या माणसाला "काका, हळू" म्हणणं मलाही जड गेलं होतं. शेवटी मी एका सुभेदारसाहेबांना म्हटलं, "साहेब, नवीन पोरं तुमचं बघून करतात, आणि त्यांना तुमच्याएवढं वजन येत नाही, नुसता आवाज येतो." ते हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच पोरांना दम द्यायला सुरुवात केली. तोही मोठ्या आवाजात, पण ते आम्ही चालवून घेतलं.

१२. गाणी कुणाच्या आवडीची लावायची? आणि किती मोठ्याने?

आवाजाचं सोपं माप : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर गाणं जास्त मोठं आहे. मागे गाणं मोठं असलं की माणसंही मोठ्याने बोलतात, प्लेटीही मोठ्याने पडतात. गाणं कमी केलं की बाकीचं निम्मं आपोआप कमी होतं. हा उपाय फुकटचा आहे.

आवड हा सीमाभागात नाजूक विषय. आमच्या एकाच बॅचमध्ये घरी मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे आहेत. आम्ही पाळी ठेवलीय, आज एक भाषा, उद्या दुसरी, आणि नुसत्या वाद्यांची एक यादी अडीअडचणीला. घोषणांची गाणी कुणाचीच नाहीत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तो १ नोव्हेंबर इथे काहींचा राज्योत्सव असतो आणि काहींचा काळा दिवस. त्या दिवशी जिममध्ये फक्त पंख्याचा आवाज. दोन्ही बाजूंची पोरं त्या दिवशीही एकमेकांना सपोर्ट देतात (अडलेला रॉड धरायला जवळ उभं राहतात), तेवढं पुरे आहे. भाषावाद ज्याला घालायचाय त्याने खाली जाऊन घालावा, चहाही मिळतो.

१३. मोबाईलवर रील बनवली तर चालेल का?

तुमच्या फ्रेममध्ये दुसरं कुणी नसेल तर चालेल. स्पीकर लावून फोनवर बोलणं चालणार नाही. आपल्या घरातली भांडणं सगळ्या बॅचला पाठ झालेली असतात.

१४. बॅचमधल्या एकाला ऐकू येत नाही. त्याचा आवाज फार मोठा निघतो. त्याला सांगावं का?

आमच्याकडेही असा एक मुलगा आहे. त्याला स्वतःचा हुंकार ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती मोठा आहे हे त्याला कळायचं साधनच नाही. प्रश्न १ ची कसोटी त्याला लावून उपयोग नाही. त्याचा सगळा आवाज निघालेलाच. तरी आम्ही त्याला विचारलं, लिहून. त्याने उलट लिहिलं, की मला सांगत जा, मला माहीत नसतं. आता पार्टनर त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवतो, की तो फुंकर मारायला लागतो. वजन हळू ठेवण्यात मात्र तो सगळ्या बॅचमध्ये पहिला आहे, कारण धक्का त्याला पायातून कळतो.

१५. कितीही मोठा आवाज केला तरी चालेल अशी एखादी वेळ आहे का?

आहे. बेंच प्रेस मारताना रॉड छातीवर अडकला तर लाज न बाळगता, फुफ्फुसात असेल तेवढ्या हवेने ओरडा. "सपोर्ट!" म्हणा, "धरा!" म्हणा, "अण्णा!" म्हणा, काहीही. हुंकार देऊन देऊन लोकांना सवय लावलेला माणूस इथे फसतो, कारण त्याच्या ओरडण्याकडे कुणी वळून बघत नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. तुमच्या शेजारचा ओरडला तर तुम्हाला कळणार आहे का?

एकटेच असाल आणि सपोर्टला कुणी नसेल, तर बेंचच्या रॉडला क्लिप (प्लेटी घसरू नयेत म्हणून लावतात ती) लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलता करायचा, तिकडच्या प्लेटी घसरून पडतील, मग दुसरी बाजू उसळून तिकडच्याही पडतील. बाजूला कुणी उभं नाही ना एवढं आधी बघा. फरशी फुटेल, खालच्या आजी छताला ठोकतील, समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावेल. फरशीचे पैसे आम्ही भरू. आजींकडे मी जातो.